पाव दराच्या रात्री

आमचे उचगाव कोल्हापूरला खेटून, पुणे-बंगळूर हमरस्त्यालगत वसलेले. मालमोटारींचा आवाज रात्रभर येतो. तेव्हा जागरण येथे कुणाला नवे नाही. मला मात्र गेल्या पावसाळ्यात ते घडवले थोरल्या भावाच्या ट्रंकेतल्या फ्लॉप्यांनी.

दादा १९९५ साली मुंबईत नोकरीला होते. 'बुलेटिन बोर्ड' हा त्यांचा नाद. कुणा हौशी माणसाच्या घरच्या संगणकाला फोन लावायचा, निरोप वाचायचे, आपला ठेवायचा. ही सुटी बेटे जोडली फिडोनेटने. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोचे टॉम जेनिंग्ज आणि बाल्टिमोरचे जॉन मॅडिल यांच्या यंत्रांनी रात्रीच्या स्वस्त दरात आपली आपणच टपालाची अदलाबदल सुरू केली. हे काम करणारा प्रोग्रॅम म्हणजे 'मेलर'. जुन्या डाकेचा हरकारा पुढच्या चौकीपर्यंतच धावे, थैली देई नि परते, तसाच हा. आशियाच्या सहाव्या विभागाचा टपालाचा तास आपल्या घड्याळाने मध्यरात्रीनंतर दीड ते अडीच. एसटीडीचा दरही तेव्हा पाव असे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वांना खुले केले आणि हे बोर्ड हळूहळू निमाले. सहावा विभागही २००७ साली मोडला. उरलीसुरली केंद्रे तिसऱ्यात गेली.

दादांचा मेलर 'फ्रंटडोर'. आजचा चौसष्ट बिटी विंडोज सोळा बिटी प्रोग्रॅमला दारातही उभा करत नाही. म्हणून 'डॉसबॉक्स' घातला. तो जुन्या संगणकाचे सोंग हुबेहूब वठवतो. मेलरला मॉडेमशी बोलायला मध्यस्थ लागतो, त्याचे नावच 'फॉसिल'. तोही आधी चढवला. खरा मॉडेम नाही, टेलिफोनची तारही नाही. पण डॉसबॉक्सच्या नव्या आवृत्त्यांत फोनक्रमांकापुढे इंटरनेटचा पत्ता लिहिता येतो. मुंबईच्या त्या बोर्डाच्या क्रमांकापुढे मी शेजारच्या खोलीतल्या संगणकाचा पत्ता लिहिला आणि तेथे दुसरा मेलर उत्तर द्यायला बसवला. थोडक्यात, हरकाऱ्याला जागे करायचे तर त्याची सगळी वाट नव्याने बांधावी लागली.

बरोबर दीडला यंत्राने आपणहून फोन लावला. एक पत्र गेले. तीस वर्षे ते 'न पाठवलेले' म्हणून पडून होते! बोर्डाने फोन उचलणे बंद केले होते, एवढेच.

पत्र पुण्याच्या एका मित्राला होते: दिवाळीला उचगावला ये, म्हणून. तो आला नाही. बोलावूनही आला नाही, हा सल दादांनी अखेरपर्यंत बाळगला. पुढे दोघे बोललेही नाहीत.

सकाळी मी ते पत्र कागदावर उतरवून घेतले, खाली चार ओळी स्वतःच्या लिहिल्या आणि पुण्याच्या पत्त्यावर टपालात टाकले. दादांना मात्र आता कसे कळवावे?