औषध की चाबूक?



ज्या मुलाचे चित्त मुळीच ठरत नाही, त्याला डॉक्टर कधी कधी उत्तेजक औषध देतात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. मुळात चंचल असलेल्याला उत्तेजक कशाला?

या प्रश्नाचा इतिहास अमेरिकेत सुरू होतो. ऱ्होड आयलंड राज्यातील मुलांच्या इस्पितळात डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी बेन्झेड्रिन हे औषध प्रथम डोकेदुखीवर देऊन पाहिले. डोकेदुखी हटली नाही. पण मुलांचा अभ्यास सुधारलेला शिक्षकांना दिसला. मग त्यांनी ३० मुलांना ते आठवडाभर दिले व १९३७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : १४ मुलांच्या शाळेतील कामात विलक्षण पालट झाला होता. पुढे १९४४ साली बाझेलच्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझ्झोन यांनी मेथिलफेनिडेट तयार केले. पत्नीच्या रीटा या नावावरून ते रिटालिन म्हणून बाजारात आले.

त्याच काळात या कुळातले दुसरे औषध निराळ्याच कामी लागले होते. बर्लिनच्या टेम्लर कंपनीने १९३८ साली पेर्विटिन विकावयास काढले. १९४० च्या एप्रिल ते जुलैत जर्मन लष्कराला व विमानदलाला अशा साडेतीन कोटी गोळ्या गेल्या. जपानात फिलोपॉन नावाने तेच औषध सैनिकांना व रात्रपाळीच्या कामगारांना दिले जाई. युद्ध संपल्यावर लष्करी साठे बाजारात आले, व्यसन फोफावले आणि १९५१ साली जपानला कडक कायदा करावा लागला.

मी कामगार चळवळीतला माणूस. माझ्या मते थकवा ही शरीराने दिलेली धोक्याची शिटी आहे. ती गोळीने बंद करून पाळी लांबविली, तर नफा मालकाचा आणि झीज कामगाराची. ब्रॅडलींच्या मुलांची गोष्ट वेगळी होती. तेथे गोळी मुलाच्या हितासाठी होती, मात्रा डॉक्टर ठरवीत होता आणि परिणामावर लक्ष ठेवणारी माणसे जवळ होती. म्हणून 'गोळी चांगली की वाईट' असे न विचारता, 'ती कोणाच्या हितासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली' असे विचारावे.

हा विवेक घरातही पाळता येतो. औषध सुरू करण्यापूर्वी हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास डॉक्टरांना सांगावा. मात्रा लहान सुरू होते व हळूहळू वाढते; ती आपल्या मनाने वाढवू नये. भूक, झोप, वजन, उंची, नाडी व रक्तदाब यांची वेळोवेळी नोंद व्हावी. छातीत दुखले, भोवळ आली किंवा भलतेच भास होऊ लागले, तर तत्काळ डॉक्टर गाठावा. गोळ्या कुलपात ठेवाव्या व मोजाव्या. भावाला, मित्राला, परीक्षेच्या रात्री जागणाऱ्या शेजाऱ्याच्या मुलाला त्यातली एकही देऊ नये. आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मेथिलफेनिडेटवर नियंत्रण आहे, ते याचसाठी.

मात्र भीतीपोटी गरजू मुलाचे औषध तोडणे हाही अन्यायच. ज्या मुलाला त्याने पाटीवर बसता येते, त्याला ते मिळालेच पाहिजे. आणि ज्याला केवळ अधिक राबविण्यासाठी ते पुढे केले जाते, त्याने ते नाकारलेच पाहिजे.