‘हायर अँड फायर’ आणि न्यू जर्सीचा कायदा

अमेरिकेतल्या नोकरीविषयी आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे. तिथे मालक माणसाला आज ठेवतो आणि उद्या काढतो, सरकार मध्ये पडत नाही, आणि म्हणूनच तिथला उद्योग वाढला, असा तो समज. पुण्या-मुंबईतल्या लघुउद्योजकांच्या परिसंवादात हे वाक्य हमखास येतं. कामगार कायदे सैल करा असं सांगणाऱ्या लेखांत अमेरिकेचं नाव दाखल्यासारखं येतं. न्यू जर्सीतल्या एडिसन-इझलिनच्या ओक ट्री रोडवर दुकान थाटणारा आपला माणूसही बऱ्याचदा हाच समज घेऊन पहिला नोकर ठेवतो. हा समज अर्धवट आहे, आणि त्यावर उभं केलेलं धोरण कामगाराचं नुकसान करतं.

आधी समोरच्या पक्षाचं जे खरं आहे ते मान्य करू. अमेरिकेत ‘अॅट-विल’ नावाचं तत्त्व आहे. ठरावीक मुदतीचा करार नसेल, तर मालक कारण न सांगता माणसाला काढू शकतो, आणि माणूसही उद्यापासून येत नाही म्हणू शकतो. पन्नासपैकी एकट्या मोंटाना राज्याने १९८७ मध्ये कायदा करून, परिविक्षेचा काळ संपल्यावर, काढायला सबळ कारण हवं असं ठरवलं. बाकी सगळीकडे हे तत्त्व चालतं. लहान मालकावर आरोग्य विम्याची सक्ती नाही, आणि ज्यांना तो नोकरीतून मिळतो त्यांची नोकरी जाते तेव्हा दवाखान्याचा आधारही जातो. ही क्रूर गोष्ट आहे, आणि तिचं समर्थन मला करायचं नाही. माझा आक्षेप एवढाच की काढण्याची ही मुभा म्हणजे अख्खा कायदा नव्हे.

न्यू जर्सी घेऊ, कारण आपली माणसं तिथे मोठ्या संख्येने आहेत. समजा कुणी वडापाव-मिसळीचं छोटं दुकान काढलं आणि एक आचारी ठेवला. कायद्याची गणना त्या एका माणसापासून सुरू होते. मालकाने फेडरल कर-ओळख क्रमांक आणि राज्याची नोंदणी आधी केलेली हवी. कामगार-नुकसानभरपाईचा विमा काढलेला हवा. न्यू जर्सीत ही भरपाई १९११ पासून आहे, आणि विमा नसणं हा गुन्हा आहे. आचारी कामावर रुजू होईल त्या दिवसापर्यंत त्याने काम करण्याची परवानगी पडताळणाऱ्या आय-नाइन फॉर्मचा आपला भाग भरायचा, आणि मालकाने कामाच्या तीन दिवसांत कागदपत्रं प्रत्यक्ष पाहून सही करायची. इथे आपले बहुतेक मालक अडखळतात. ‘ग्रीन कार्ड दाखव’ असं त्यांच्या तोंडून सहज निघतं. पण यादीतली कोणती कागदपत्रं दाखवायची हे कामगार ठरवतो. ठरावीक कागदच हवा असा मालकाने आग्रह धरला, तर तोच भेदभाव ठरू शकतो. पुढे २० दिवसांत नव्या नोकराची माहिती राज्याला कळवायची. पगार महिन्यातून किमान दोनदा द्यायचा. दर ३० तासांच्या कामामागे १ तास पगारी आजारपणाची रजा, वर्षाला ४० तासांपर्यंत. २०१८ पासून हा नियम एक नोकर असलेल्या दुकानालाही लागू आहे.

आचाऱ्याला महिन्याची ठरावीक रक्कम दिली की तासांचा हिशेब संपला, हा समजही तिथे घरोघरी आहे. तो संपत नाही. स्वयंपाक करणारा माणूस आठवड्याला ६० तास राबला, तर ४० नंतरच्या २० तासांना दीडपट दर द्यावा लागतो. ‘पगारी’ म्हटल्याने ही जबाबदारी टळत नाही. त्यासाठी काम खरोखर व्यवस्थापकीय किंवा तत्सम असावं लागतं आणि पगार ठरलेल्या किमान पातळीच्या वर असावा लागतो. २०१९ च्या ‘वेज थेफ्ट’ कायद्याने थकीत वेतनाचा दावा सहा वर्षं मागे नेता येतो, आणि थकबाकीवर दुपटीपर्यंत नुकसानभरपाई मिळू शकते. त्याच कायद्यात आणखी एक बारीक तरतूद आहे. कामगाराने तक्रार केल्यापासून ९० दिवसांत त्याला काढलं, तर ते सूड म्हणूनच काढलं असं गृहीत धरलं जातं. तसं नव्हतं हे मालकाने सिद्ध करायचं. आज ठेवा, उद्या काढा म्हणणाऱ्यांनी ही तरतूद एकदा वाचावी.

मग पळवाट म्हणून ‘१०९९’, म्हणजे कंत्राटदाराचा कर-फॉर्म, येतो. माणसाला नोकर न म्हणता कंत्राटदार म्हणायचं, सही घ्यायची, की जबाबदारी संपली. न्यू जर्सीने हा युक्तिवाद ठामपणे फेटाळला आहे. तिथे ‘एबीसी’ ही तिपेडी कसोटी आहे: माणूस मालकाच्या नियंत्रणाबाहेर असला पाहिजे, काम धंद्याच्या नेहमीच्या व्यवहाराबाहेरचं किंवा धंद्याच्या जागांबाहेरचं असलं पाहिजे, आणि त्याचा स्वतंत्र, आपल्या पायावर उभा व्यवसाय असला पाहिजे. तिन्ही गोष्टी मालकाने सिद्ध करायच्या. एक हुकली की तो नोकर. गाद्या पोचवणाऱ्या चालकांच्या ‘हारग्रोव्ह विरुद्ध स्लीपीज’ खटल्यात त्यांनी स्वतंत्र कंत्राटदार असल्याच्या करारावर सह्या केल्या होत्या. तरीही २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वेतनाच्या कायद्यांनाही हीच कसोटी लागू केली. २०२२ मध्ये ‘ईस्ट बे ड्रायवॉल’ निकालात कंपनी-नोंदणीचे कागदही पुरेसे नाहीत असं ठरलं. धंदा खरोखर स्वतंत्रपणे चालतो का, हे पाहायचं. त्याच वर्षी उबरने चालकांच्या वर्गीकरणापोटी न्यू जर्सीला १० कोटी डॉलर भरले. आचारी दुकानातच, मालकाच्या वेळेत, मालकाच्या मेन्यूवर काम करतो. तो कंत्राटदार कसा ठरेल?

आता काढण्याकडेच येऊ, कारण समोरच्या पक्षाचा सगळा भर तिथे आहे. १९८० मध्ये डॉ. ग्रेस पिअर्स यांच्या खटल्यात एका औषधाच्या चाचण्यांवरून नोकरी गेल्याचा वाद झाला. डॉक्टर हरल्या, पण सार्वजनिक धोरणाच्या स्पष्ट आदेशाविरुद्ध कुणाला काढता येणार नाही, हे तत्त्व न्यायालयाने प्रस्थापित केलं. १९८५ मध्ये नटलीच्या हॉफमन-ला रोशमधले अभियंता रिचर्ड वूली यांच्या निकालात ठरलं, की कर्मचारी-पुस्तिकेत योग्य कारणाशिवाय काढणार नाही असं लिहिलं असेल आणि ते बंधनकारक नाही असा ठळक खुलासा नसेल, तर ते वचन मालकावर बंधनकारक ठरू शकतं. पुढच्याच वर्षी गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला. राज्याचा भेदभावविरोधी कायदा १९४५ चा, फेडरल नागरी हक्क कायद्याच्या १९ वर्षं आधीचा. फेडरल कायदा १५ नोकरांपासून लागू होतो; न्यू जर्सीचा एका नोकरापासून.

शिवाय काढणं फुकट नाही. बेरोजगारी विम्याचा मालकाचा दर त्याच्या पूर्वानुभवावर ठरतो. ज्याच्या हातून जास्त माणसं कामावरून जातात आणि विम्याची मदत घेतात, त्याला पुढे जास्त भरावं लागतं. मोठ्या कंपन्यांसाठी तर नियम आणखी कडक आहेत. १०० किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाने ५० किंवा अधिक जणांची कपात केली, तर एप्रिल २०२३ पासून ९० दिवसांची सूचना आणि नोकरीच्या दर वर्षामागे एक आठवड्याचा पगार सक्तीचा आहे. मिलव्हिलमधल्या डॅलस एअरमोटिव्ह कारखान्याच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा फेडरल कायद्यापेक्षा पुढे गेला आहे. फेडरल कायद्यात सूचना ६० दिवसांचीच आहे आणि कायद्याने ठरवलेली भरपाई नाही. एच-वन-बी व्हिसावर आणलेल्या इंजिनियरला काम नाही म्हणून बिनपगारी बेंचवर बसवता येत नाही, आणि मुदत संपण्याआधी काढलं तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च मालकावर येतो. हे आपल्यातल्या कित्येकांना नोकरी जाईपर्यंत माहीत नसतं.

भारताची तुलना आता नीट करता येते. आपल्याकडे कपातीला सरकारी परवानगीची अट मोठ्या कारखान्यांना होती. औद्योगिक संबंध संहितेने तिची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली. त्यावरच सगळी चर्चा अडकली. दुसऱ्या टोकाला, महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याचा मुख्य भाग १० किंवा अधिक कामगार असलेल्यांनाच लागू झाला. आठ माणसांच्या हॉटेलातला पोऱ्या त्यात नाही. ओक ट्री रोडवरच्या एकट्या आचाऱ्याला मात्र पहिल्या दिवसापासून अपघात विमा, तासांची नोंद, दीडपट दर आणि आजारपणाची रजा आहे. जे अमेरिकेचा दाखला देतात, त्यांनी काढण्याची मुभा मागताना एका माणसापासून लागू होणारे हे हक्कही त्याच निवेदनात, त्याच जोराने मागावेत.