घोड्याचा कागद आणि घोड्याचे दात



घोड्यांच्या खरेदीविक्रीवर बोलायला कामगार संघटनेतला माणूस कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. मी घोडा कधी बाळगला नाही. पण कागदावरचे वय आणि अंगावरचे वय यांतला तंटा मी जन्मभर पाहिला आहे. आमच्या एका सोबत्याचे वय कारखान्याच्या दप्तरात तीन वर्षांनी वाढवून लिहिले गेले. माणूस समोर धडधाकट उभा. पण खरा ठरला तो कागद, आणि तीन वर्षे आधीच तो घरी बसला. तेव्हापासून कोणताही दाखला हाती आला, की हा कोणी लिहिला आणि याचा जबाबदार कोण, हे मी प्रथम विचारतो. घोड्यांच्या व्यापाराचा इतिहासही मी याच प्रश्नासाठी वाचला.

धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत, असे आपण म्हणतो. विकतच्या घोड्याचे मात्र प्रथम दातच पाहतात. वय तेथे कळते. पण कूळ दातांवरून कळत नाही. लंडनमध्ये रिचर्ड टॅटरसॉल याने १७६६ साली घोड्यांच्या लिलावाचा धंदा सुरू केला. अशा बाजारात विकणारा सांगेल तेच घोड्याचे कूळ. साहजिकच खोट्या वंशावळी बोकाळल्या. त्यांना आळा घालण्यासाठी जेम्स वेदरबी याने १७९१ साली शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळींची वही छापून काढली. विकणाऱ्याच्या शब्दावर तिसऱ्याची नजर बसली, हे त्या वहीचे खरे महत्त्व.

तरीही लबाडी संपली नाही. १८४४ साली एप्सम येथील डर्बी शर्यत 'रनिंग रेन' नावाच्या घोड्याने जिंकली. ही शर्यत केवळ तीन वर्षांच्या घोड्यांची. हा घोडा वस्तुतः चार वर्षांचा 'मॅकॅबियस' असल्याचा आरोप झाला. प्रकरण न्यायालयात गेले. न्यायमूर्ती आल्डरसन यांनी कागदांवर भागवून घेतले नाही; घोडाच हजर करा, असे बजावले. घोडा बेपत्ता! दावा सोडून द्यावा लागला आणि पहिला मान दुसऱ्या आलेल्या 'ऑर्लँडो'ला मिळाला. मला वाटते, त्या घोड्याला दाणावैरण घालणाऱ्यांना तो कोण हे ठाऊक नसेल काय? पण त्यांना आधी विचारतो कोण!

आज जाहिरात संगणकाच्या पडद्यावर येते. पैदास करणारा मालक घोडीचे छायाचित्र, तिच्या चालीची चित्रफीत, आईबापांची नावे आणि किंमत त्यावर चढवतो. शेकडो मैलांवरचा माणूस ती फोनवर पाहतो. २०२० च्या साथीत मोठ्या लिलावघरांनीही घरबसल्या बोली लावण्याची सोय केली. थरोब्रेड घोड्याच्या मानेत आता चिप असते, त्याचे आईबाप जनुकचाचणीने पडताळतात. भारतातील थरोब्रेडांच्या वंशावळीची वही तर आपल्या पुण्यातच ठेवली जाते. १८४४ ची लबाडी आता अवघड झाली आहे.

पण चिप घोड्याची ओळख सांगते. त्याचे लंगडणे सांगत नाही, चावण्याची खोड सांगत नाही. दोन वर्षांपूर्वीचे छायाचित्र आजचे म्हणून झळकते. विकलेली घोडी पडद्यावर तशीच उभी राहते, आणि तिच्या आशेने गिऱ्हाईक भाडे खर्चून येते. म्हणून ही जाहिरात सांभाळणे हे कारकुनी काम समजू नये. छायाचित्रावर तारीख घालावी, चिपचा क्रमांक द्यावा, खोड असेल ती आपण होऊन लिहावी, विक्री झाली की त्याच दिवशी नोंद उतरवावी. आणि मजकूर चढवण्यापूर्वी तो मोतद्दाराला वाचून दाखवावा. रोज खरारा करणाऱ्या त्या माणसाला घोड्याचा कोणता पाय दुखतो हे मालकाआधी कळलेले असते.

कागद हवाच. माझा सोबती घरी बसला तो कागद होता म्हणून नव्हे. तो लिहिताना त्याला कोणी विचारले नाही, म्हणून. घोड्याला तर विचारताही येत नाही. निदान त्याला ओळखणाऱ्याला तरी विचारावे, एवढेच माझे सांगणे आहे.