भिंत, ध्वनी आणि रेषा : ग्राफिटी शैलीतील बूमबॉक्सच्या चित्राची ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्रस्तावना :

ग्राफिटी शैलीत चित्र काढू पाहणाऱ्या नवशिक्यास सुरुवातीला जे विषय दिले जातात, त्यांत जुन्या रेडिओ-कॅसेट प्लेअरचे चित्र वारंवार आढळते. दोन बाजूंना दोन गोल स्पीकर, मधोमध कॅसेटचा कप्पा, खाली बटणांची रांग, वर मूठ आणि तिरकी अँटेना असे त्याचे रूप असते. अमेरिकेत या यंत्रास 'बूमबॉक्स' म्हणत. भारतात त्याच जातीचे यंत्र 'टू-इन-वन' या नावाने परिचित होते. आयत, वर्तुळ आणि सरळ रेषा यांतून हे चित्र सहज उभे राहते, म्हणून ते निवडले जात असावे, असे वरकरणी वाटते. परंतु सोप्या आकाराच्या वस्तू पुष्कळ आहेत. त्यांतून नेमकी हीच वस्तू याच शैलीत का काढली जाते आणि तिच्या रेखाटनाचा क्रम ठरावीकच का आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे चित्रकलेच्या तंत्रापेक्षा न्यूयॉर्क शहराच्या सामाजिक इतिहासात शोधावी लागतात. प्रस्तुत निबंधात १९७० ते १९९० या दोन दशकांच्या आधारे हा शोध घेतला आहे.

यंत्राचा उदय :

फिलिप्स या डच कंपनीने १९६३ साली बर्लिन येथील प्रदर्शनात छोटी कॅसेट सादर केली. त्याच दशकात रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकाच पेटीत आले. १९७० च्या दशकात जपानी कंपन्यांनी या पेटीस दोन स्पीकर, अधिक शक्ती आणि भक्कम मूठ दिली. वीजजोडणीशिवाय सेलवर चालणारे हे यंत्र घरातून रस्त्यावर नेता येऊ लागले.

ते ज्या रस्त्यांवर आले, त्यांची अवस्था लक्षात घेणे आवश्यक आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातून नेलेल्या द्रुतगती मार्गाने अनेक वस्त्या उठवल्या होत्या. १९७० च्या दशकात तेथे जळालेल्या आणि ओस पडलेल्या इमारतींच्या रांगा दिसत. शहर १९७५ साली दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे होते. अशा काळात ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत डीजे कूल हर्क या तरुणाने वाजवलेली मेजवानी हिप-हॉप संगीताची आरंभतिथी मानली जाते. या संगीताची व्यावसायिक ध्वनिमुद्रिका बाजारात यशस्वी होण्यास १९७९ साल उजाडावे लागले. तोवरच्या सहा वर्षांत मेजवान्यांच्या कॅसेटी आणि त्यांच्या प्रती हातोहात फिरत होत्या. बूमबॉक्स हे ऐकण्याचे साधन होतेच. ज्यांना ना रेडिओ केंद्र विचारत होते ना ध्वनिमुद्रण कंपनी, त्यांचा तो छापखानाही होता.

भिंतीवरील नाव :

याच सुमारास याच वयोगटातील मुले भिंतींवर आणि भुयारी रेल्वेच्या डब्यांवर आपली नावे लिहीत होती. मॅनहॅटनच्या १८३ व्या रस्त्यावर राहणारा 'टाकी १८३' हा त्यांपैकी एक. निरोप्याचे काम करीत शहरभर फिरताना त्याने जागोजागी आपले नाव लिहिले आणि जुलै १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याची दखल घेतली. त्यानंतर नावांची संख्या वाढली आणि संख्येबरोबर स्पर्धाही. हजार नावांत आपले नाव उठून दिसावे म्हणून अक्षरे मोठी झाली, फुगली, एकमेकांत गुंतली. फुग्यासारख्या गोलसर अक्षरांचे श्रेय सामान्यतः 'फेज टू' या लेखकास दिले जाते. या मंडळींनी स्वतःस चित्रकार न म्हणता 'लेखक' म्हणवून घेतले, ही बाब अर्थपूर्ण आहे. गाडी एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाई आणि लिहिणाऱ्याचे नाव बरोबर नेई. कॅसेट जे आवाजासाठी करीत होती, तेच डबा नावासाठी करीत होता.

रेखाटनाच्या क्रमामागील कारणे :

आज नवशिक्यांना जो क्रम शिकवला जातो, तो या परिस्थितीत घडला. प्रथम वहीत कच्चे रेखाटन, मग भिंतीवर फिक्या रंगाची बाह्यरेषा, नंतर आतील रंगभरण, त्यानंतर सावली आणि पार्श्वभूमी, मग गडद अंतिम रेषा आणि शेवटी पांढऱ्या रंगाची चमक, असा हा क्रम आहे.

प्रत्येक पायरीस कारण आहे. यार्डात उभ्या असलेल्या गाडीवर रात्री अपुऱ्या उजेडात काम करावे लागे. तेथे विचार करीत थांबण्यास अवसर नसे, म्हणून आराखडा घरीच वहीत पक्का करावा लागे. स्प्रेचा रंग कडेबाहेर उडतो आणि पहिली रेषा त्याखाली बुजते. म्हणून ती फिकी ठेवून खरी रेषा अखेरीस काढली जाते. गाडी फलाटावरून काही क्षणांत निघून जाते; तेवढ्यात नजरेत भरावे म्हणून रेषा जाड आणि रंग परस्परविरोधी असतात.

बूमबॉक्स या पद्धतीस विशेष मानवतो. त्याचा आयत अक्षरांच्या ओळीत एखाद्या ठोकळेबाज अक्षरासारखा बसतो. स्पीकरची वर्तुळे मनगट न वळवता खांद्यापासून संपूर्ण हात फिरवून काढावी लागतात आणि स्प्रेवर ताबा मिळवण्याचा तो उत्तम सराव ठरतो. एका बाजूस दिलेली जाड सावली पेटीस घनता देते. सर्व सावल्या एकाच दिशेस पडाव्यात, हा नियम नवशिक्यास येथेच उमगतो. पेटीच्या कडा किंचित फुगवल्या आणि स्पीकरभोवती वक्र रेषा दिल्या की, स्थिर भिंतीवरील चित्र वाजू लागल्याचा भास होतो.

हक्क की उपद्रव :

तथापि या आवाजाकडे आणि या रंगाकडे शहर कौतुकाने पाहत नव्हते. १९७२ साली न्यूयॉर्कने ग्राफिटीविरोधी कायदा केला आणि त्याच वर्षी ध्वनिनियंत्रणाची संहिताही आणली. बूमबॉक्सला 'गेटो ब्लास्टर' हे हेटाळणीचे नाव मिळाले. १९७९ साली समाजशास्त्रज्ञ नेथन ग्लेझर यांनी असे मांडले की, रंगवलेल्या डब्यात बसणाऱ्या प्रवाशास आपण कोणाच्याच नियंत्रणात नसलेल्या जागी आहोत, अशी भीती वाटते. हे म्हणणे सर्वस्वी निराधार नव्हते. दिवसभराच्या श्रमाने थकलेला प्रवासीही बहुधा त्याच गरीब वस्त्यांतला असे आणि त्याला शांततेचा हक्क होताच. इतिहासाने ही बाजू झाकणे योग्य नव्हे.

परंतु गुन्हा आणि शिक्षा यांचे प्रमाण कसे ढळले, हे एका घटनेतून दिसते. १५ सप्टेंबर १९८३ रोजी पहाटे मायकेल स्ट्युअर्ट या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणास फर्स्ट ॲव्हेन्यू स्थानकाच्या भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून पकडण्यात आले. पोलिसांच्या ताब्यात असताना तो बेशुद्ध झाला आणि २८ सप्टेंबर रोजी मरण पावला. खटल्यातील सहाही पोलीस १९८५ साली निर्दोष सुटले. चित्रकार जाँ-मिशेल बास्किया यांनी १९८३ मध्येच या मृत्यूवर चित्र काढले. १९८९ साली स्पाइक ली यांच्या 'डू द राइट थिंग' या चित्रपटात रेडिओ रहीम या पात्राचा बूमबॉक्स दुकानदार बॅटने फोडतो, मारामारी होते आणि पोलिसांच्या गळपकडीत रहीमचा अंत होतो. ज्यांच्या कुटुंबीयांना हा चित्रपट अर्पण केला आहे, त्यांत स्ट्युअर्टचे नाव आहे. भिंतीवरील रेषा आणि खांद्यावरील पेटी यांचा इतिहास येथे एकत्र येतो.

लोप आणि मान्यता :

१९७९ साली सोनीने वॉकमन आणला आणि संगीत कानापुरते खासगी झाले. १२ मे १९८९ रोजी ग्राफिटी असलेली अखेरची गाडी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतून काढून घेण्यात आली. दोन्ही गोष्टी रस्त्यावरून हटत गेल्या आणि त्याच वेळी त्यांना मान्यता मिळू लागली. एलएल कूल जे यांच्या १९८५ च्या 'रेडिओ' या संगीतसंग्रहाच्या मुखपृष्ठावर बूमबॉक्सच झळकला होता. रहीमची पेटी पुढे वॉशिंग्टन येथे २०१६ साली खुल्या झालेल्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोहोचली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील 'फाइव्ह पॉइंट्झ' या इमारतीवरील ग्राफिटी २०१३ साली मालकाने पांढऱ्या रंगाने पुसली, तेव्हा २०१८ साली न्यायालयाने २१ कलावंतांना ६७ लाख ५० हजार डॉलर भरपाई मंजूर केली. ज्या शहराच्या कायद्याने १९७२ साली भिंतीवर लिहिणे गुन्हा ठरवले, त्याच शहरात भिंतीवरचे पुसणे दंडनीय ठरले. मालकाची संमती असलेली ही चित्रे होती, हा फरक मात्र विसरता येत नाही.

निष्कर्ष :

१. बूमबॉक्सचे चित्र ग्राफिटी शैलीत रूढ झाले ते केवळ आकाराच्या सोपेपणामुळे नव्हे. ज्यांना सार्वजनिक जागेत स्थान नव्हते, त्यांनी ऐकू येण्यासाठी आणि दिसण्यासाठी वापरलेली ही दोन साधने होती.

२. जाड बाह्यरेषा, भडक रंग आणि रेखाटनाचा क्रम ही अलंकरणाची हौस नसून अंधार, घाई आणि धावती गाडी यांनी घातलेल्या अटींची खूण आहे.

३. हे चित्र शिकवताना अध्यापकाने त्यामागील इतिहास सांगितल्यास विद्यार्थ्याची रेष अर्थपूर्ण होते. कागदावर निर्धास्तपणे ओढल्या जाणाऱ्या या रेषेची किंमत एकेकाळी कोणीतरी मोजली होती, एवढे तरी त्याला ज्ञात असावे.