शरणपूरचे गुरुजी

नाशिकच्या शरणपूर रस्त्यानें जातांना त्या नांवाचा अर्थ क्वचितच आपल्या मनांत येतो. गेल्याच्या मागल्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं येथें ख्रिस्ती वसाहत उभारली. ब्रिटिश नौदलानें गुलामांच्या गलबतांतून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें येथें आश्रयास आलीं. अक्षरांबरोबर सुतारकाम, लोहारकामही शिकलीं.

त्यांपैकीं विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर १८६४ सालीं मोंबासाजवळील रबाई येथें शिक्षक व धर्मोपदेशक म्हणून गेले. १८८५ सालीं दोघांस पाळकाची दीक्षा मिळाली. पुढें रबाईची धुरा जोन्सकडे असतां पळून आलेले गुलाम तेथें आसरा घेऊं लागले. मालक त्यांना परत मागत, आणि कायदा मालकांच्या बाजूचा होता. पण देवाचीं लेकरें सारखीं, असें वर्गांत शिकवून दारीं आलेल्यास परत कसें धाडावें? स्वतः गुलामी भोगलेल्या जोन्सनें त्यांना थारा दिला. अखेर मालकांना भरपाई देण्यांत आली आणि १८८९ च्या आरंभीं १४०० हून अधिक माणसें मुक्त झालीं.

प्राथमिक शिक्षकाची श्रद्धा प्रवचनांत थोडी व वागण्यांत अधिक दिसते. शरणपूरच्या विद्यार्थ्यांनीं आपण शिकलेला धडा असा गिरविला.