केशवराव दाते : रंगभूमीवरील गद्य आणि बोलपटातील भाषण

मराठी रंगभूमीच्या इतिहासात गायक नटांस जे स्थान लाभले, ते गद्य नटांस क्वचितच लाभले. कारण उघड आहे. पदे ध्वनिमुद्रिकांवर टिकली. भाषणे प्रयोगाबरोबरच विरली. केशवराव दाते (१८८९–१९७१) यांची कारकीर्द या दृष्टीने विशेष अभ्यसनीय होय; कारण रंगभूमीवर घडलेली त्यांची वाणी बोलपटांत सुरक्षित राहिली आहे.

त्यांची जडणघडण 'महाराष्ट्र नाटक मंडळी' या गद्य नाटकांच्या संस्थेत झाली. आरंभी त्यांनी स्त्रीभूमिका केल्या. अशा नाटकांत ध्वनिक्षेपकाचे साहाय्य नव्हते. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचविणे हे नटाचे पहिले कर्तव्य होते. त्यामुळे दीर्घ स्वर, ठसठशीत उच्चार आणि वाक्यान्ती आघात ही लकब बनली. 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा' (१९३३) या नाटकाने घरगुती बोलण्याकडे जाणारा मार्ग दाखविला. त्या प्रयोगातही दाते होते.

पुढील वर्षी 'प्रभात'च्या 'अमृतमंथन' (१९३४) मध्ये मराठी आवृत्तीतील राजगुरू त्यांनी रंगविला. हिंदीत तीच भूमिका चंद्रमोहन यांच्याकडे होती. ऐतिहासिक वातावरणाच्या त्या बोलपटात नाटकी घाट शोभून गेला. 'कुंकू' (१९३७) मध्ये मात्र कसोटी निराळी होती. व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत वगळले होते. म्हणून जरठ वकील काकासाहेबांचे प्रत्येक वाक्य आणि त्यानंतरची शांतता उघडी पडते. येथे दाते स्वर चढवीत नाहीत. अधिकाराने बोलू पाहणारा पुरुष क्रमाने वाक्ये अर्ध्यावर सोडू लागतो, आणि अपराधाची जाणीव शब्दांपेक्षा विरामांतून प्रकट होते. हीच भूमिका त्यांनी 'दुनिया न माने' या हिंदी आवृत्तीतही केली. दोन्ही आवृत्त्या एकत्र ऐकणाऱ्यास एका नटाच्या द्विभाषिक स्वराघाताचा दुर्मिळ पुरावा मिळतो.

'शेजारी' (१९४१) मध्ये त्यांचा जिवबा आणि गजानन जागीरदारांचा मिर्झा हे दोन जिवलग खेडवळ शेजारी दिसतात. मैत्री, गैरसमज आणि दुरावा हा सारा प्रवास येथे साध्या बोलण्यातून घडतो.

तात्पर्य, छापील नाटकावरून बोलीचा इतिहास लिहिणे हे स्वरलिपीवरून गायकाची पारख करण्यासारखे आहे. मराठीच्या उच्चारणाचा अभ्यास करणाऱ्याने या बोलपटांकडे करमणूक म्हणून न पाहता साधन म्हणून पाहिले पाहिजे. चित्रफितींचे आयुष्य मर्यादित असते. त्यातील ध्वनी नष्ट झाला, तर एका पिढीचे गद्य कायमचे मुके होईल.