मधुमेह आणि रुग्णशिक्षण : एका विचाराचा इतिहास



एका शिक्षकाच्या स्मृतीला वाहिलेल्या या व्याख्यानासाठी मी मधुमेहासारखा वैद्यकीय विषय का निवडला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. मी वैद्य नाही. इतिहासाचा अभ्यासक आहे. परंतु या रोगाचा इतिहास वाचताना मला असे जाणवले की, तो जितका औषधांचा आहे तितकाच अध्यापनाचाही आहे. उतारवयाच्या उंबरठ्यावर जडणाऱ्या, ज्याला आज ‘टाइप २’ म्हणतात त्या मधुमेहाच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. वैद्याची भेट वर्षातून चार-सहा वेळा. उरलेले सर्व दिवस रुग्ण स्वतःच स्वतःचा वैद्य असतो. त्याला हे काम कोणी शिकविले, हा आजचा माझा प्रश्न आहे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले : जन्मतःच येणारा ‘सहज’ आणि आहारविहारातील दोषांनी होणारा ‘अपथ्यनिमित्तज’. निर्धन रुग्णाने शंभर योजने पायी चालावे, विहीर खणावी, असे उपायही तिने सांगितले. शरीरश्रमाचे महत्त्व त्या काळी ओळखले गेले होते, ही गोष्ट थोर खरीच. परंतु उपायाचा गुण येतो आहे की नाही, हे ताडून पाहण्याचे साधन रुग्णाच्या हाती नव्हते. वैद्याने सांगावे आणि रुग्णाने पाळावे, एवढेच नाते होते.

हे नाते पालटण्याचे श्रेय प्रामुख्याने फ्रेंच वैद्य आपोलिनेर बूशार्दा यांना द्यावे लागते. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला आणि नगरात अन्नाचा दुष्काळ झाला. त्या काळात आपल्या काही रुग्णांच्या मूत्रातील साखर नाहीशी झाल्याचे त्यांनी टिपून ठेवले. मिताहार आणि श्रम यांवर त्यांचा भर होताच. पण रुग्णाने आपल्या मूत्राची परीक्षा रोज स्वतः करावी, हा त्यांचा आग्रह मला अधिक मोलाचा वाटतो. परीक्षा रुग्णाच्या हाती आली की तो केवळ आज्ञाधारक राहत नाही. काल काय खाल्ले आणि आज काय दिसते, याचा संबंध तो स्वतः जोडू लागतो.

बोस्टनचे एलियट जॉस्लिन यांनी हाच धागा पुढे नेला. १९१८ मध्ये, म्हणजे इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वी, त्यांनी मधुमेहावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. ती वैद्य आणि रुग्ण या दोघांनी वापरावयाची आहे, हे तिच्या नावातच नमूद होते. त्यांनी परिचारिकांना शिक्षिकेचे काम दिले. या परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊन पथ्य आणि परीक्षा शिकवीत.

येथे आपल्या गोमंतकाशी एक धागा जुळतो. ज्या लिस्बनहून तेव्हा गोव्याचा राज्यकारभार चाले, त्याच लिस्बनमध्ये १९२६ साली डॉ. एर्नेस्तु रोमा यांनी गरीब मधुमेहींसाठी संस्था स्थापन केली. गरिबांना इन्शुलिन विनामूल्य मिळावे आणि रोगासह कसे जगावे याचे शिक्षणही मिळावे, असा तिचा दुहेरी हेतू होता. मधुमेहींसाठी स्थापन झालेली ही जगातील पहिली संस्था मानली जाते. औषध आणि विद्या यांचे दान एकाच हाताने व्हावे, ही दृष्टी त्या काळी दुर्मीळ होती.

मग शिकवून काय साधते? ब्रिटनमध्ये ५,१०२ नवमधुमेहींचा वीस वर्षे चाललेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातील साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली, तर डोळे व मूत्रपिंडे यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे २५ टक्क्यांनी घटतात, असे त्याने दाखविले. भारतात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५३१ जणांच्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना आहार आणि चालणे यांचे सातत्याने मार्गदर्शन मिळाल्याने रोग जडण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी उतरला.

तथापि एक कटू अनुभवही नोंदविला पाहिजे. ब्रिटनमध्येच ८२४ नवमधुमेहींवर झालेल्या एका प्रयोगात काहींना सहा तासांचे सामूहिक शिक्षण देण्यात आले. २००८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, वर्षभराने त्यांचे वजन इतरांहून थोडे अधिक उतरले होते आणि धूम्रपान कमी झाले होते. रक्तशर्करेत मात्र फरक आढळला नाही. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा शरीराचा लाभ ओसरला होता. रोगाविषयीची काही समज तेवढी टिकली होती. शिक्षकी पेशातील कोणालाही याचे नवल वाटू नये. उजळणी नसेल तर पाढे विसरतात. मग चाळीस वर्षांच्या सवयी सहा तासांत कशा सुटाव्यात?

दुसरी अडचण ‘अपथ्य’ या शब्दातच दडलेली आहे. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतानाही रुग्णाला अपराधी ठरविण्याची आपली सवय जात नाही. मग माणसे रोग लपवितात, तपासणी टाळतात. दटावणाऱ्या गुरूच्या वर्गात गैरहजेरी वाढते, हा नियम येथेही लागू आहे.

हे सारे मी गोव्यात बोलतो आहे, याला कारण आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के आढळले. सर्व राज्यांत ते सर्वाधिक होते. या सभागृहातील बहुसंख्य माजी विद्यार्थी चाळिशी ओलांडलेले आहेत. हा आकडा त्यांच्या बाकांवरून जातो.

म्हणून या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळापुढे मी एक सूचना ठेवतो. वर्षातून एकदा शिबिर भरवून थांबू नका. दर तीन महिन्यांनी येथेच एक वर्ग भरवा. ताटातील उकड्या तांदळाचा भात किती, सकाळची पेज किती, आठवड्यात चालणे किती, पाऊल रोज का न्याहाळावे, डोळे वर्षातून एकदा का दाखवावेत, हे तेथे जाणत्या वैद्याकडून शिकावे आणि पुढल्या वर्गात त्याची उजळणी करावी. फळा आणि खडू शाळेकडे आहेतच. आपण फक्त पुन्हा विद्यार्थी व्हावयाचे आहे. ज्या गुरुजनांनी आपल्याला येथे अक्षरओळख करून दिली, त्यांच्या स्मृतीला याहून उचित अभिवादन मला तरी सुचत नाही.